मोजका खर्च, देखणे घर

व्यापारी कुटुंबात घर सजविण्याचा विषय बहुधा एखाद्या निमित्ताने निघतो. मुलाचे लग्न ठरते, मुलीला पाहण्यासाठी मंडळी यावयाची असतात, किंवा नातलगांच्या नव्या फ्लॅटचा गृहप्रवेश आटोपून घरची माणसे परत येतात आणि स्वतःच्या दिवाणखान्याकडे नव्या नजरेने पाहू लागतात. कालपर्यंत सुखाचे वाटणारे घर एकाएकी जुनाट दिसू लागते. सुनेला रंग उडालेला वाटतो, मुलाला छत बोडके वाटते, सासूबाईंना पडदे लाजिरवाणे वाटतात. मग कोणीतरी मोबाइलवर चित्रे दाखवितो, कंत्राटदार येऊन मापे घेतो आणि दोन दिवसांनी पाच लाखांचा अंदाज हाती ठेवतो. रक्कम कोठून आणावयाची, या प्रश्नाला घरात एकच उत्तर ठाऊक असते: दुकानातून.

येथे क्षणभर थांबून वही उघडावी. समजा, दुकानाच्या खेळत्या भांडवलातून पाच लाख काढले. ते भांडवल वर्षातून चार वेळा फिरत असेल, तर वीस लाखांची उलाढाल कमी झाली. खर्च वजा जाता शेकडा चार रुपये नफा धरला, तरी ऐंशी हजारांची मिळकत बुडाली, आणि ती एका वर्षापुरती नव्हे. भांडवल न काढता तीच रक्कम शेकडा बारा दराने कर्जाऊ घेतली, तर वर्षाचे साठ हजार रुपये, म्हणजे महिन्याचे पाच हजार, केवळ व्याजापोटी जातात. दुकानात अडकलेला माल निदान तोटा सोसून विकता येतो. छताला चिकटविलेले पीओपी कोणी विकत घेत नाही.

याचा अर्थ घर सुंदर करण्याची इच्छा हलकी लेखावी, असा नाही. जी स्त्री दिवसाचे बारा तास त्या भिंतींमध्ये वावरते, तिला तेथे प्रसन्न वाटावे ही मागणी चैनीची नाही. ज्या घरी अतिथी, साधर्मिक आणि गोचरीसाठी साधू-साध्वीजी येतात, ते घर नीटनेटके असणे हा संस्काराचाच भाग आहे. प्रश्न एवढाच की, घराला श्रीमंती नेमकी कशाने येते? बारकाईने पाहिले, तर जी घरे पाहताच मनात भरतात त्यांत वस्तू थोड्या असतात, प्रकाश मऊ असतो, कापड स्वच्छ असते आणि प्रत्येक काम शेवटापर्यंत नीट पूर्ण केलेले असते. यांतील एकाही गोष्टीला पाच लाख लागत नाहीत.

पडून राहिलेला माल

कोणताही कुशल व्यापारी दुकानात न खपणारा माल दर्शनी फळीवर ठेवीत नाही. वर्षभर न हललेला नग तो कमी भावात काढतो, कारण जागेचीही किंमत असते हे त्याला पक्के ठाऊक असते. तोच व्यापारी घरी मात्र मृत साठ्याच्या मधोमध बसून जेवतो. शोकेसमध्ये पंधरा वर्षांपूर्वीच्या भेटवस्तू, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची फुले, कोपऱ्यात बंद पडलेला मिक्सर, सोफ्यामागे कॅलेंडरांची गुंडाळी आणि माळ्यावर रिकामी खोकी. दुकानाचा शिस्तीचा नियम घराच्या उंबरठ्याबाहेर राहिलेला असतो.

म्हणून सजावटीची पहिली पायरी खरेदीची नाही, स्टॉक मोजण्याची आहे. एका रविवारी दिवाणखान्यातील प्रत्येक हलती वस्तू बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवावी आणि मोकळी खोली घटकाभर सर्वांनी पाहावी. तेवढ्यानेच ती दीडपट मोठी भासते. मग वस्तू एकेक करून आत आणाव्यात. परंतु प्रत्येक वस्तूला विचारावे, की ती वापरात आहे का, किंवा खरोखर सुंदर आहे का. दोन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर ती आत येऊ नये. बहुतेक घरांत निम्म्या वस्तू बाहेरच राहतात.

श्रावकाच्या बारा व्रतांतील परिग्रह-परिमाणाची आठवण येथे सहज होते. त्या मर्यादेत धन-धान्याबरोबर वास्तूही येते आणि ‘कुप्य’ या नावाने घरातील सामानसुमानही येते. व्रत घेणारे पुष्कळदा सोन्याची आणि जमिनीची मर्यादा काळजीपूर्वक ठरवितात, कुप्याकडे मात्र दुर्लक्ष होते. ‘या खोलीत एवढेच नग, नवा आला तर जुना बाहेर’ असा नियम केला, तर व्रताचे पालनही होते आणि खोलीही देखणी राहते. बाहेर काढलेल्या वस्तू भंगारात टाकण्यापूर्वी त्यांतील चांगल्या स्थितीतील वस्तू पुसून, दुरुस्त करून गरजू कुटुंबाला सन्मानाने द्याव्यात. एका घरातील अडगळ दुसऱ्या घराचा संसार उभा करते.

आधी ओल, मग रंग

रंगावर सर्वाधिक पैसा वाया जातो तो ओल्या भिंतीवर. पावसाळ्यात भिंतीला पोपडे सुटतात, दिवाळीच्या घाईत त्यांवर लांबी भरून महागडा इमल्शन मारला जातो आणि पुढच्या आषाढात तोच पोपडा पुन्हा डोके वर काढतो. ओल कोठून येते हे आधी शोधावे: गच्चीचा उतार, पन्हाळीचा सांधा, न्हाणीघराच्या फरशीतील फट किंवा खिडकीच्या सज्ज्यावर साचणारे पाणी. या दुरुस्तीचे पैसे दिसत नाहीत म्हणून ते खर्च करणे जिवावर येते; पण रंगाचे आयुष्य त्यावरच अवलंबून असते. जैन घराला आणखी एक कारण आहे. ओल्या भिंतीवर धरणारी लीलन-फूलन ही जीवराशी आहे. एकदा ती वाढल्यावर खरवडून काढण्यात विराधना अटळ असते. ती वाढूच न देणे हीच यतना. वैशाखाच्या कोरड्या दिवसांत दुरुस्ती आणि रंगकाम उरकले, तर चातुर्मासात भिंतींना हात लावण्याची वेळच येत नाही.

रंगाची निवड साधी ठेवावी. प्रत्येक खोलीला निराळा भडक रंग आणि एका भिंतीवर नक्षीचा कागद, या पद्धतीने लहान घराचे तुकडे पडतात. साऱ्या घराला एकच फिकट, उबदार छटा द्यावी. सायीचा, फिकट चंदनी किंवा वाळूचा रंग चालेल. छत त्याहून किंचित फिके असावे. दारे आणि चौकटी सर्वत्र एकाच रंगात असाव्यात. मग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना नजर अडखळत नाही आणि घर सलग, प्रशस्त वाटते. लोंबणाऱ्या वायरी पट्टीत बसवाव्यात, पिवळे पडलेले स्विचबोर्ड बदलावेत, दारांच्या कड्या आणि मुठी एकसारख्या कराव्यात. हात रोज ज्याला लागतो ती मूठ भक्कम असली, की सारे घरच भक्कम वाटते.

दिव्याचा रंग

एकच पांढरी ट्यूबलाइट छताशी लावून साऱ्या खोलीवर सारखा झगझगीत प्रकाश पाडणे, ही दुकानाची गरज आहे. तेथे मालाचा रंग दिसावा लागतो. घरी माणसांचे चेहरे दिसावे लागतात. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो. 6500 असेल तर प्रकाश निळसर पांढरा पडतो. 2700 ते 3000 असेल तर तो सोनेरी, समईच्या उजेडाशी नाते सांगणारा असतो. बैठकीच्या व निजावयाच्या खोलीत हे सोनेरी दिवे लावावेत. स्वयंपाकघर आणि हिशेबाचे टेबल यांसाठी 4000 च्या आसपासचा पांढरा प्रकाश सोयीचा. दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नसतो, खोलीच्या रूपात मात्र मोठा फरक पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रकाशाची वाटणी. छताला मधोमध एक प्रखर दिवा लावण्यापेक्षा तीन ठिकाणी सौम्य दिवे असावेत: एक भिंतीवर वर फेकणारा, एक आसनाजवळ उभा, एक कोनाड्यात. मग खोलीत उजेडाबरोबर थोडी सावलीही येते आणि तिच्यामुळे खोलीला खोली प्राप्त होते. फॉल्स सीलिंगचा सारा खटाटोप याच परिणामासाठी असतो. तो तीन दिव्यांत साधतो आणि छतही खाली येत नाही. आणखी एक लाभ असा, की निळसर पांढऱ्या दिव्यापेक्षा सोनेरी एलईडीकडे किडे कमी ओढले जातात. पावसाळ्याच्या संध्याकाळी दिव्याखाली पंखांचा खच पडलेला पाहून ज्यांचे मन हळहळते, त्यांनी तर हा बदल आजच करावा. सजावटीसाठी उघड्या ज्योतीच्या मेणबत्त्यांची रांग लावण्याचा मोह त्याच कारणाने टाळावा.

पेढीच्या बैठकीचा धडा

जुन्या पेढ्यांवर सोफे नव्हते. जाड गादी, तिच्यावर पांढरीशुभ्र चादर, भिंतीशी लोड आणि तक्के, समोर उतरते डेस्क आणि चोपड्या. एवढ्यावर लाखोंचे व्यवहार होत आणि येणाऱ्यावर त्या बैठकीची छाप पडे. तिचे रहस्य किमतीत नव्हते. कापड सुती होते, रंग एकच होता आणि खोळ वेळच्या वेळी धुऊन, कडक करून पुन्हा चढविलेली असे.

आजही जागा लहान असेल, तर तीन आसनी बोजड सोफ्याऐवजी एका भिंतीशी अशी बैठक करता येते. वयस्कर माणसांना जमिनीवर बसणे अवघड जाते, म्हणून ती सव्वा फूट उंचीच्या साध्या लाकडी पाटावर घ्यावी. खोळींचे दोन संच शिवून घ्यावेत, म्हणजे एक धुतला तरी दुसरा हाताशी राहतो. इचलकरंजीचे सुती कापड, साधे मांजरपाट किंवा जाड खादी यासाठी उत्तम. रंगासाठी सोलापुरी चादरीची एक घडी पायथ्याशी पुरे.

पडद्यांबाबत एक सामान्य चूक सर्वत्र दिसते: दांडा खिडकीच्या चौकटीला लागून आणि पडदा खिडकीच्या उंचीपुरताच. त्यामुळे खिडकी बुटकी आणि भिंत तुटक दिसते. दांडा चौकटीपासून शक्य तितका वर, छताच्या जवळ बसवावा आणि दोन्ही बाजूंना चौकटीबाहेर सहा-सहा इंच न्यावा. पडदा जमिनीपासून अर्धा इंच वर थांबावा, म्हणजे केर काढताना अडचण होत नाही आणि दुमडीत जीव अडकत नाहीत. कापडाची रुंदी खिडकीच्या दुप्पट घ्यावी. महागड्या कापडाचा तोकडा पडदा गरीब दिसतो; साध्या कापडाचा भरपूर चुण्यांचा, जमिनीपर्यंत उतरणारा पडदा राजेशाही दिसतो.

जुने लाकूड, जुनी फरशी

अनेक घरांत आजोबांच्या काळचे सागवानी कपाट माळ्यावर धूळ खात असते आणि खाली भुशाच्या फळीचे नवे कपाट चार वर्षांत फुगून बिजागऱ्यांतून सुटलेले असते. जुने लाकूड सुताराकडून तपासून घ्यावे. वाळवी नसेल, तर घासून, नवी कडी बसवून ते दर्शनी जागी ठेवावे. तीच गोष्ट फरशीची. जुनी मोझॅकची किंवा शहाबादी फरशी निस्तेज झाली, की तिच्यावर टाइल्स घालण्याचा सल्ला मिळतो. त्याआधी यंत्राने घासून पॉलिश करून पाहावे. पुष्कळदा खाली दडलेली झळाळी परत येते आणि दारे खालून कापण्याची वेळही टळते.

नवे फर्निचर घेतलेच, तर पायांचे घ्यावे, जमिनीपासून सहा इंच उचललेले. खालची फरशी दिसत राहिली, की खोली मोठी वाटते. शिवाय झाडू किंवा पुंजणी सहज आतपर्यंत फिरते. अंधाऱ्या सापटीत जीवोत्पत्ती होत नाही.

नकली श्रीमंती मात्र टाळावी. संगमरवराचे चित्र छापलेली प्लास्टिकची पत्री, सोनेरी पट्ट्या, थर्माकोलचे नक्षीदार खांब यांनी पाहुणा फसत नाही. साधी पण खरी वस्तू नेहमीच नकली महागड्या वस्तूवर मात करते. खरे सूत, खरे पितळ, खरे लाकूड आणि खरा दगड काळाबरोबर जुने होतात, पण केविलवाणे होत नाहीत.

ज्या शोभेत हिंसा आहे

श्रीमंती म्हणून बाजारात जे विकले जाते, त्यातील बरेचसे जैन घराच्या उंबरठ्याआत येण्याजोगेच नसते. चामड्याचा सोफा तर उघड आहे. रेशमी पडद्यांसाठी मात्र कोष आतल्या जीवासह उकळत्या पाण्यात टाकले जातात, हे खरेदीच्या वेळी कोणाला आठवत नाही. मऊ उशांत पक्ष्यांची पिसे असू शकतात. लाकडाला चकाकी देणारी पारंपरिक पॉलिश चपडी लाखेपासून, म्हणजे कीटकांनी स्रवलेल्या द्रव्यापासून होते. सुताराला आधीच सांगून ठेवले, तर तो मेलामाइनची पॉलिश किंवा जवसाचे तेल वापरू शकतो. पिंजऱ्यातील पक्षी आणि काचेतील मासे ही तर कैदेची शोभा. पाणी भरून पाकळ्या सोडलेली उरळी दोन दिवसांत डासांचे जन्मस्थान होते. त्याऐवजी आजीचे पितळी घंगाळ चिंचेने लखलखीत घासून कोरडेच ठेवावे.

यातील प्रत्येक त्यागाने खर्च वाढत नाही, कमीच होतो. अनर्थदंडाचा, म्हणजे प्रयोजनाशिवाय होणाऱ्या हिंसेचा, त्याग सांगणारे व्रत आणि घरखर्चाची वही येथे एकाच बाजूला उभी राहतात.

आणखी एक गोष्ट खेदाने नोंदवावी लागते. अलीकडे दिवाणखान्यात शोभेसाठी तीर्थंकरांची ध्यानस्थ मूर्ती टीव्हीखाली किंवा चपलांच्या कपाटावर ठेवलेली दिसते. परमात्म्याची प्रतिमा ही शोभेची वस्तू नव्हे. तिला योग्य जागा आणि विधी देता येत नसेल, तर तिच्याऐवजी मोकळी भिंत बरी. आशातना तरी टळते.

एक वस्तू, तिला मोकळी जागा

अबूच्या देलवाडा मंदिरांत प्रथमच जाणारा यात्रेकरू बाहेरून थोडा निराश होतो. दर्शनी भाग साधा आहे. आत पाऊल टाकताच 1031 मधील विमल वसही आणि वस्तुपाल-तेजपाल बंधूंनी सुमारे दोनशे वर्षांनी उभारलेली लूण वसही त्याला स्तब्ध करतात. ते वैभव अपार धनाचे आणि त्याहून अपार भक्तीचे आहे. घरात त्याची नक्कल करणे हास्यास्पद ठरेल. पण त्यातून घेण्याजोगी एक दृष्टी आहे. तेथे एवढी नक्षी असूनही गोंधळ होत नाही, कारण सारे एकाच शुभ्र दगडात आहे. राणकपूरच्या 1444 स्तंभांच्या दालनांतही चौकांतून उतरणारा सूर्यप्रकाश हाच सर्वांत मोठा अलंकार आहे. एक सामग्री आणि पुरेसा प्रकाश, एवढे सूत्र दहा बाय बाराच्या खोलीलाही लागू पडते.

म्हणून खोलीत नजर ठरेल अशी एकच वस्तू असावी: घंगाळ, जुना पेटारा, झोपाळा किंवा एक मोठे चित्र. चित्र लावताना त्याचा मध्य जमिनीपासून सुमारे 57 ते 60 इंचांवर, म्हणजे नजरेच्या रेषेत यावा. बहुतेक घरांत ते फार वर टांगलेले असते. तिच्या आजूबाजूची भिंत मोकळी सोडण्याचे धैर्य मात्र हवे.

शंभर रुपयांची वाटणी

खर्चाची रक्कम प्रत्येकाची निराळी. वाटणी मात्र सर्वांना एकच चालू शकेल. शंभरांतील चाळीस रुपये ओल, दुरुस्ती आणि रंग यांना द्यावेत. वीस पडदे, खोळी आणि गाद्यांना, पंधरा दिव्यांना, पंधरा जुन्या लाकडाच्या किंवा फरशीच्या पॉलिशला. उरलेले दहा हाताशी राखावेत, कारण भिंत उघडल्यावर एखादी गळकी नळी निघतेच. नवीन शोभेच्या वस्तूंसाठी या वाटणीत काही ठेवलेले नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. ही रक्कम घरखर्चातील बचतीतून उभी राहावी. तिच्यासाठी गल्ल्याला हात लागू नये. एका वर्षात जमत नसेल, तर यंदा ओल आणि रंग, पुढच्या वर्षी पडदे आणि बैठक. दिवे आणि अडगळ काढणे या दोन गोष्टींना मात्र वाट पाहावी लागत नाही.

मुलीला पाहण्यासाठी येणारी मंडळी घराची पारख करतात, हे खरे. पण अनुभवी व्यापाऱ्याची नजर छताच्या नक्षीवर ठरत नाही. दुकान पाहताना फळ्यांची शिस्त जशी त्याला आधी दिसते, तशीच घरी त्याला स्वच्छ खोळ, झळाळणारी जुनी फरशी आणि सूनबाईच्या चेहऱ्यावरचा निर्धास्तपणा दिसतो. कर्जाच्या हप्त्याखाली वाकलेल्या घरात तो निर्धास्तपणा कोणत्याही झुंबराने येत नाही. सोनेरी उजेडात, मोकळ्या खोलीत, शुभ्र तक्क्याला टेकून बसलेला पाहुणा मनात एवढेच म्हणतो, की हे घर खाऊनपिऊन सुखी आहे आणि येथे कशाची घाई नाही. ज्याला आपण वैभव म्हणतो, ते बहुधा एवढेच असते.